दोन बोटं उघडा झरोका

मी सोळा फुटी ट्रेलर बोलतोय. गाडीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली. आत एक पलंग, एक टेबल, दोन बर्नरची शेगडी आणि छतात ताटाएवढा झरोका. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, नॉर्थ डकोटातल्या एका शेताच्या अंगणात, पेंढ्याच्या गठ्ठ्यांत कमरेपर्यंत बुडून मी उभा आहे. बाहेर नाकातले केस गोठतील अशी थंडी, आणि माझा झरोका सताड नाही, पण उघडा आहे. त्यातून पलंगावर भुरभुर बर्फ पडतोय. बघणारे म्हणतात, याच्या म्हाताऱ्या मालकाचं डोकं फिरलं. अजिबात फिरलेलं नाही. ऐका तर खरं.

माझा जन्म इंडियानातल्या कारखान्यात, एका दिवसात झाला. पातळ लाकडाचा सांगाडा, वरून पत्रा, मधे बोटभर कापूस. हा उन्हाळ्याचा जीव आहे, हे मला बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

वर्लिन हाउगेनने मला घेतलं ते तळ्याकाठी राहून मासे धरायला. तो धरायचा, त्याची बायको आर्लिस तळायची. पाऊस लागला की दोघं पत्ते कुटत बसायची. आर्लिस खुशाल पत्ते लपवायची आणि वर्लिन कळून न कळल्यासारखं करायचा. दोघंही अबोल. तिथली माणसं अशीच, पाय मोडला तरी म्हणतील, ‘वाईट नाही, चाललंय.’ आर्लिस तर त्यांच्यातही वरचढ. बावीस उन्हाळे मी तिच्या तोंडून तक्रार म्हणून ऐकली नाही.

मग त्या ऑक्टोबरात त्यांचं घर जळालं. धुराड्यात काजळी साचली होती. ‘आज काढतो, उद्या काढतो’ करत वर्लिनने दोन महिने ढकलले होते. दोघं जिवानिशी बाहेर पडली, पण आर्लिसच्या छातीत धूर गेला तो गेलाच. नवं घर वसंतात उभं राहणार होतं. मुलगी जेनेल ॲरिझोनातून फोनवर म्हणाली, “आई, तू तरी इकडे ये. इथे ऊन आहे.”

“आणि तुझ्या बाबांना गुरांबरोबर गोठ्यात बांधू का?” आर्लिस म्हणाली. “त्यांना चहा-कॉफीचं भांडं तरी सापडतं का?”

अशी ती दोघं माझ्यात राहायला आली. वर्लिन तिला म्हणाला, “तुला थंडीचं बोटसुद्धा लागू देणार नाही.” तो हे का म्हणतोय ते तिला कळत होतं. मलाही कळत होतं.

कामाला लागला तो झपाटल्यासारखा. त्याचा बाप दर वर्षी करायचा तस्संच त्याने केलं. घराभोवती पेंढ्याचे गठ्ठे रचायचे, खिडक्यांना प्लॅस्टिक ताणायचं, फटीफटीत चिंध्या कोंबायच्या. माझ्या पोटाखालून वारा शिरू नये म्हणून गठ्ठे, भिंतींना फोमचे तक्ते, काचांना चंदेरी कागद, पाण्याच्या नळीला विजेची गरम पट्टी. शेवटी त्याने फोमची एक गादी कापली आणि झरोक्यात घट्ट ठोकून बसवली.

गठ्ठे घेऊन आलेला शेजारी मायलो खालून बघत होता. “वर्लिन, अरे, बायकोला ठेवतोयस की लोणचं घालतोयस? एखादी फट तरी सोड.”

“फटीतून थंडी येते.”

“हवाही येते, शहाण्या.”

“माझ्या बापाने अख्खं आयुष्य फटी बुजवल्या. मेला का कोणी?”

नाही मेलं. पण ते घर जुनं, हजार भोकांचं. कितीही बुजवा, वारा आपली वाट काढायचाच. मी पत्र्याचा डबा. मला श्वास घ्यायला तो एक झरोकाच होता, आणि तोच त्याने मायेने बंद केला.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला फार बरं वाटलं. बाहेर वादळ घोंगावतंय आणि आत गॅसचा हीटर, दिवसभर कॉफीची किटली, सूपचं पातेलं, दोरीवर ओले हातमोजे. बावीस वर्षं उन्हाळ्यापुरता असलेला मी पहिल्यांदा कुणाचं तरी घर झालो होतो. पण किटलीची वाफ, मोज्यांची ओल, दोन माणसांचे श्वास, जळत्या गॅसमधून सुटणारं पाणी, हे सगळं जाणार कुठे? ते माझ्या भिंतीत गेलं. आधी काचा घामेजल्या. मग फोमच्या तक्त्यांमागे पाणी उतरलं आणि पलंगाच्या कोपऱ्यात त्याचा बर्फ झाला. आर्लिस त्याच कोपऱ्याला झोपायची.

तिला कळलं होतं. सकाळी वर्लिन गुरांना चारा घालायला गेला की ती स्टुलावर चढायची, गादी ओढून काढायची आणि झरोक्याच्या झाकणाखाली कपड्यांना लावायचा लाकडी चिमटा आडवा घालायची. दोन बोटं फट पडायची. त्या फटीला तोंड लावून ती डोळे मिटून उभी राहायची. मीही तेव्हाच श्वास घ्यायचो. ट्रॅक्टरचा आवाज जवळ आला की चिमटा खिशात आणि गादी जागेवर.

एका सकाळी तिला उशीर झाला. वर्लिन दारातच थबकला.

“हे कोणी उघडलं?”

“जरा कोंदट वाटत होतं.”

“अगं, सगळी ऊब गेली ना! तुझ्या छातीला सोसणार आहे का हे? आधीच माझ्यामुळे...”

आर्लिसने त्याचे हात पाहिले. थंडीने चिरलेले, बोटांना फोमचा गोंद चिकटलेला. ती खाली उतरली. “बरं बाबा, लाव. उबदार आहे तसं.”

चिमटा तिने चमच्यांच्या खणात टाकला. पुन्हा बाहेर काढला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, वर्लिन, अरे, ती गुदमरतेय! पण ट्रेलरला कुठलं आलंय तोंड? दार करकरतं तेवढंच, आणि त्यालाही त्याने तेल घातलं.

खोकला वाढत गेला. तो विचारायचा, “कसं वाटतंय?” ती म्हणायची, “वाईट नाही.” जानेवारीत तिला मायनॉट शहरातल्या हॉस्पिटलात नेलं आणि नवव्या दिवशी आर्लिस गेली.

अंत्यविधीसाठी तिला घालायचा निळा पोशाख घ्यायला जेनेल बापाबरोबर माझ्यात आली. पोशाख पलंगाखालच्या कप्प्यात होता. ती पलंगावरची गादी उचलायला गेली तर गादी भिंतीला बर्फाने चिकटलेली. ओढल्यावर फाटली. खालून सगळी काळी, बुरशीने भरलेली.

“बाबा, आई यावर झोपत होती?”

वर्लिनने त्या काळ्या कापडावरून हात फिरवला. “मी कुठेच फट ठेवली नव्हती गं,” तो म्हणाला.

जेनेल त्याला रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पोशाख घेतला आणि बाहेर जाऊन गाडीत रडली.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात लोकांनी कॉफी प्यायली, खांद्यावर हात ठेवले आणि पांगले. दुसऱ्या सकाळी वर्लिन चमचा शोधत होता, तेव्हा खणात चिमटा हाती लागला. कपडे वाळत घालायची दोरी घराबरोबर जळाली होती, माझ्या आतल्या दोरीवर हातमोजे नुसतेच टाकलेले असायचे. मग हा चिमटा कशाला? त्याचं लक्ष वर गेलं. स्टुलावर चढून त्याने झरोक्यातली फोमची गादी काढली. झाकणाच्या कडेला चिमट्याएवढी खाच पडली होती, रोज रोज तिथेच ठेवल्याने पडते तशी. त्याने चिमटा त्यात बसवला. चपखल बसला.

“सांगायचंस ना गं, आर्लिस!” म्हातारा स्टुलावर उभ्या उभ्या हमसून हमसून रडला.

आता तो मायलोकडे झोपतो. पण रोज सकाळी चारा घालून झाला की येतो आणि तो चिमटा लावतो. मायलो ओरडतो, “अरे, बर्फ आत जाऊन सडेल तो ट्रेलर!” वर्लिन म्हणतो, “सडू दे. श्वास तर घेऊ दे.”

सडायला लागलोच आहे मी. पुढचा उन्हाळा काही बघत नाही. जाता जाता एवढंच मागणं आहे. आपल्या माणसाला उबेत जपताना दोन बोटं फट राहू द्या. आणि ज्याचा जीव कोंडतोय त्यानेही समोरच्याचं मन राखत बसू नये. सांगावं, वेळेवर सांगावं.

आजही तो आला. चिमटा लावला, खाली उतरला आणि पलंगाच्या तिच्या कोपऱ्यावरचा बर्फ हाताने झाडला.

“आता कसं वाटतंय?” त्याने विचारलं.

वाईट नाही, असं म्हणायला कोणी नव्हतं.