दोनवरची एकटी रेघ

अगं थांबा, आधी ऐका, माझं डोकं अजून तापलंय! सकाळी सरांच्या खोलीत मीटिंग होती. टेबलावर माझा एनएमआरचा कागद. म्हणजे रेणूत काय कुठे जोडलंय ते आकड्यांच्या पट्टीवरच्या रेघांवरून सांगणारा आलेख. एस्टर तोडून आम्ल बनवायचं, हा माझा विषय. तर आमचा सीनियर, लॅबचा दादा, त्याने कागदाकडे नुसतं बघितलं नि म्हणाला, "चारवर गुच्छ, सव्वावर गुच्छ. एस्टरचा इथिल गट जसाच्या तसा. काही तुटलेलं नाही. ताईंनी नुसतं पाणी ढवळलंय!"

सगळे खी खी. सर म्हणाले, "मग हा विषय दादाकडे देऊ या."

देऊ या? विषय आहे की रिकामी खुर्ची?

मी म्हटलं, "सर, मग दोनवर ही एकटी रेघ कुणाची? माझ्या एस्टरमध्ये तसलं काही नाहीच."

"कचरा असेल गं," दादा म्हणाला.

कचरा! अरे, ते दोन गुच्छ नि ही रेघ, तिन्ही एकाच घरची! ज्या इथिल अॅसिटेट द्रावकाने मी माल वेगळा काढला, तेच पूर्ण उडालं नव्हतं. का? तर द्रावक ओढून काढायच्या पंपावर कालपासून दादाचा फ्लास्क ठाण मांडून!

मी तडक गेले, त्याचा फ्लास्क काढला, माझा लावला. दुपारी सरांच्या टेबलावर नवा आलेख जुन्याशेजारी आपटला. चारवरचा गुच्छ, दोनवरची रेघ, सव्वावरचा गुच्छ, तिन्ही एकदम गायब! माझ्या रेणूच्या रेघा जागच्या जागी. आणि डावीकडे बारापाशी आम्लाचा पसरट उंचवटा. आधीही होता, पण बघतंय कोण!

दादाने काय म्हणावं? "मलाही तोच संशय होता."

आणि सर? "छान! आता पुढचं दादा करेल, त्याला अनुभव आहे."

माझी सटकलीच. "करू दे ना सर. पण पहिल्यापासून. मी बनवलेला माल मी देणार नाही. आणि दोनवरची रेघ ज्याला दिसत नाही, त्याच्या पुढच्या आलेखांची जबाबदारी घेऊन तुम्हीच सही करा."

सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. "बरं. विषय तुझाच राहू दे."

सॉरी? छे! बाहेर येऊन दादा विचारतो, "पंपाचं झालं का गं तुझं?"

म्हटलं, "नाही. अजून तुझ्या तोंडाला लावायचाय."