घुबडाच्या चोचीतली तंगूस

उंदीर पांढरा होता. जुळे सोलापुरातल्या दुकानातनं खोक्यात घालून आणलेला, सोबत काकडीचा तुकडा. अभिमन्यूनं त्याच्या मागच्या पायाला मासे धरायची तंगूस, नायलॉनची बारीक दोरी, बांधली आणि दुसरं टोक माळावर ठोकलेल्या खिळ्याला. उंदीर पळाला, ताणला गेला, परत पळाला.

गुलनाजला वाटलं, उठावं आणि जीपमध्ये जाऊन बसावं.

उठली नाही. पोटावर पडून राहिली, डोळा कॅमेऱ्याला.

कारण साधं होतं. कॉलेजातली लॅब सांभाळून ती दर हिवाळ्यात, दर रविवारी, अभयारण्याच्या कडेच्या या माळावर येत होती. पक्ष्यांचे फोटो ढिगानं होते तिच्याकडं, सगळे पाठमोरे. निघून चाललेले. आखूड कानांचं घुबड, थंडीपुरतं लांब उत्तरेतनं इथं येणारं, तिला समोरून हवं होतं. प्रभुलिंगअण्णांनी शब्द दिला होता, तसा फोटो आणा, प्रदर्शनात मधल्या भिंतीवर लावतो. अण्णा टॉवेलचे व्यापारी. फोटोग्राफीचा क्लब त्यांचा, जीप त्यांची, आणि ही उंदराची युक्तीही त्यांचीच.

"अण्णा, हे बरं नाही," असं ती म्हणाली होती खरी.

"घुबड काय शेंगाचटणी खातंय का मॅडम? उंदीरच खातंय की. आपण नुसतं ताट वाढलं."

क्लबातलाच अभिमन्यू खिदळला.

ऊन कललं. गवतावरनं घुबड आलं, आवाज न करता.

[फ्रेम. घुबड समोरून. पंख पसरलेले, नख्या पुढं, पिवळे डोळे थेट. गुलनाजनं आयुष्यात काढलेला सगळ्यात चांगला फोटो.]

इथं थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

गाठ सरकती मारायची असते. घुबडानं उंदीर उचलला की पाय सुटतो, तंगूस खाली राहते, फोटोत काही दिसत नाही. पण मागच्या रविवारी गाठ आधीच सुटून उंदीरच पसार झाला होता आणि अण्णांनी अभिमन्यूला सोलापूर येईपर्यंत सोलून काढलं होतं. म्हणून आज त्यानं गाठ पक्की मारली. वर आणखी एक.

घुबड उडालं, हिसका बसला, खाली आपटलं.

[फ्रेम. गवतात एक पंख, उलटा.]

[फ्रेम. सावरून बसलंय. मान मागं टाकून उंदीर गिळतंय.]

[फ्रेम. उंदीर आत. चोचीतनं तंगूस बाहेर, खिळ्यापर्यंत ताठ.]

खटखटखटखट. तिघांचे कॅमेरे. त्यातला एक आवाज आपल्याच बोटाखालून येतोय हे गुलनाजला कळलं आणि तिनं बोट उचललं.

"अरे तोडा ती कुणीतरी!"

"थांबा ओ मॅडम, मान वळवतंय. उजेड बघा काय पडलाय!" अण्णा म्हणाले.

ती उठली. धावत जाऊन तिनं जाकीट घुबडावर टाकलं. तंगूस ओढून पाहिली. आत काहीतरी अडलं, जाकिटाखालून घरघर आली. तिनं हात सोडला. मग वाकून, चोचीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन, दातानं तोडली. तोंडात उंदराच्या मुताची चव आली.

जाकीट उचललं तसं घुबड गेलं. चोचीतनं बोटभर तंगूस लोंबत होती.

"फ्रेममध्ये आलात की!" अभिमन्यू ओरडला. "सगळी वाट लावली!"

ती खिळा उपटत होती.

परतीच्या वाटेवर दोघं जीपमध्ये फोटोची ओळ ठरवत होते. 'माळावरची शिकार, नैसर्गिक अधिवास.' अण्णांनी तिचा पहिला फोटो पाहिला आणि मांडीवर थाप मारली. "मधली भिंत तुमची, मॅडम. विषय संपला."

गुलनाजनं मोबाइल काढला. पहिला फोटो नाही, तो शेवटचा, ताठ तंगुशीचा, तिनं क्लबच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. दिसेल की, तिला वाटलं.

अंगठे आले. फुलं आली.

'लई भारी!'

'डोळे काय शार्प आलेत!'

आणि संस्कृती, क्लबची सेक्रेटरी: 'मॅम, उजवीकडचा दोरा तेवढा एडिटमध्ये काढा, मग प्रिंटला देऊ.'

गुलनाजनं लिहिलं: 'दोरा घुबडाच्या पोटातनं आलाय. उंदीर आम्ही बांधला. अण्णा, अभिमन्यू, मी. मधल्या भिंतीवर हाच लावा, नाहीतर माझं काहीच लावू नका.'

पुढं ड्रायव्हरशेजारी अण्णांचा मोबाइल वाजला. त्यांनी वाचलं. मागं वळले नाहीत, आरशातनं बघितलं.

"मॅडम, डिलीट करा."

"नाही."

"आपलंच नाव घाण होतंय हो!"

"होऊ दे की."

अण्णांनी अंगठ्यानं काहीतरी केलं. तिच्या मोबाइलवर ओळ आली, तिला ग्रुपमधून काढलंय म्हणून.

सोलापूर अजून बरंच लांब होतं. अभिमन्यूनं पिशवीतनं कडक भाकरी काढली, मोडून अर्धी तिच्यापुढं धरली. "घ्या. राग भाकरीवर कशाला?" त्याच्या बोटांना अजून उंदराचा वास होता. गुलनाज खिडकीकडं सरकली. तरी दर खड्ड्याला त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत राहिला.