भिकाजीचं गाऱ्हाणं

संयुक्त महाराष्ट्र झाला त्या वर्षीची नारळी पौर्णिमा. आचऱ्याजवळच्या त्या वाडीत तेरा होड्या तयार, पण एकही पाण्यात जाईना. जाणार कशी? गाऱ्हाणं घालणारा भिकाजी घरातून हलतच नव्हता.

गाऱ्हाण्याचा मान त्याच्या घराण्याचा. किनाऱ्यावरच्या देवाच्या घुमटीसमोर उभं राहून त्याने देवाला मोठ्याने विनवायचं, आणि प्रत्येक मागण्यामागे सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्याशिवाय होडी लोटायची कोणाची छाती! गेल्या वर्षी याच भिकाजीने घसा फोडून मागितलं होतं, ‘पोरांक सुखरूप परत हाड.’ आणि मार्गशीर्षात त्याचाच सत्यवान बुडाला. होडी उलटली, पोरगा फळीला धरून हाका मारत होता. होडी हाकणाऱ्या दत्ताराम तांडेलाची होडी जवळून गेली. शिडात वारा भरलेला, माणसं घाबरलेली. ‘देव आसा, तो बघीत’ म्हणत दत्तारामने थांबायला शीड उतरवलंच नाही. हे त्याने स्वतःच नंतर रडत रडत सांगितलं होतं.

“उठा वो,” शेवंती नवऱ्याला म्हणाली. “माणसां खोळांबली.”

“काय सांगू देवाक?” भिकाजी उसळला. “तो नसलो तर बरा गो! नसलो तर झील माझो दर्यान नेल्यान. दर्याक खंय अक्कल आसा? पण आसलो तर तेना सगळा बघल्यान आणि गप रवलो. तसल्यापुढे मी हात जोडू?”

“जोडू नकात. पण होडयेतली माणसां तरी खरी आसत मा? तेंचा काय?”

भिकाजीला राग आला, कारण बाई खरं बोलत होती. मग त्याने मुंडासं गुंडाळलं आणि बाहेर पडला. आता मान राहो की जावो, मनात आहे तेच बोलायचं, असं त्याने वाटेतच पक्कं केलं.

घुमटीसमोर कोणीतरी त्याच्या हातात नारळ दिला. तो नारळ घेऊन त्याने देवाकडे चक्क पाठ केली आणि माणसांकडे तोंड केलं.

“अरे, तोंड खंय करतस?” एक म्हातारा ओरडला.

“बरोबर करतंय,” भिकाजी म्हणाला, आणि त्याने तोच जुना, खडा सूर लावला. “बा तांडेलांनो म्हाराजा! वारो वाईट दिसलो तर मागे फिरा, देवाच्या भरवशार फुडे जाव नकात!”

“व्हय म्हाराजा!” सवयीची तोंडं ती, बोलून मोकळी झाली.

“होडयेत जादा दोर घेवा!”

“व्हय म्हाराजा!”

“दर्यात कोणी हाक मारल्यान, तर तेका देवावर सोडून कोणी जावचा नाय!”

सगळ्यांच्या माना खाली. दत्तारामकडे बघायची कोणाची हिंमत होत नव्हती. भिकाजी जागचा हलला नाही. संध्याकाळपर्यंत उभा राहिला असता, पण त्या उत्तराशिवाय एकही होडी त्याने जाऊ दिली नसती.

शेवटी दत्ताराम गर्दीतून पुढे आला.

“व्हय म्हाराजा,” तो म्हणाला.

मग सगळे म्हणाले. भिकाजीने नारळ दत्तारामच्या हातात दिला, आणि त्याच्याच होडीला पहिला खांदा लावला.