गुरुवारचे पाच जण

औशाच्या बसस्टँडमागे, रसवंतीच्या चिपाडांवर रेणुकादास पडला होता. साहेबरावने त्याच्या काखेत हात घातला.

"भाऊसाहेब, उठा. लातूरची गाडी लागली."

"भाऊसाहेब कशाला? गुरुवारी नावानं हाक मारतोस ना?" रेणुकादास पुटपुटला आणि साहेबरावच्या सदऱ्यावर ओकला. दारूचा भपकारा आला. ओकारीत काळपट रक्त होते.

लातूर जिल्हा होऊन दुसरे वर्ष होते. नव्या कलेक्टर कचेरीत रेणुकादास अव्वल कारकून, साहेबराव शिपाई. एक बसायचा, दुसरा उभा राहायचा. गुरुवारी संध्याकाळी मात्र शाळेच्या एका वर्गात, दारू सोडलेल्या पाच माणसांत, दोघे एकाच बाकावर बसत. तिथे कोण येते हे बाहेर सांगायचे नाही, माणूस मेला तरी नाही, असे पाचही जणांनी ठरवले होते. रेणुकादासने घरी सांगितले होते, दत्ताच्या भजनाला जातो.

पहिल्याच गुरुवारी साहेबराव म्हणाला होता, "म्या देव मानत न्हाई."

"नको मानू. हात कापायला लागले की माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहा."

तो जायचा. रेणुकादास काही न विचारता एखादी फाईल त्याच्या हातात द्यायचा आणि कापरे थांबेपर्यंत परत घ्यायचा नाही. पूर्वी विहारात पाचव्या शीलाला, मद्याच्या शीलाला, साहेबरावचे तोंड मिटायचे; वास सगळ्यांनाच यायचा. यंदाच्या जयंतीला त्याने ते मोठ्याने म्हटले. बायकोने, सुमनबाईने, वळून पाहिले होते.

दुष्काळी कामांच्या तपासणीला गेलेला रेणुकादास चार दिवस परतला नव्हता, म्हणून साहेबराव शोधायला आला होता.

"काय झालं होतं?" गाडीत त्याने विचारले.

"काहीच नाही रे. काहीच झालं नव्हतं." थोड्या वेळाने रेणुकादास म्हणाला, "आज गुरुवार ना? मला यायचं होतं."

दुपारी दोनला सरकारी दवाखान्यात रेणुकादासने प्राण सोडला.

साहेबरावनेच प्रेत घरी आणले. रेणुकादासची बायको सौदामिनी उंबऱ्यात उभी होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिले, मग साहेबरावच्या सदऱ्याकडे.

"तू कचेरीतला शिपाई ना? तीन वर्षं थेंब घेतला नव्हता ह्यांनी. तू कुठं भेटलास?"

साहेबरावने सदऱ्यावरचा डाग हाताने झाकला.

तिचा भाऊ वसंतराव पुढे आला आणि त्याने साहेबरावच्या कानशिलात मारली. "नादी लावून मारलंस माणसाला!"

"तोंडाचा वास घ्या त्याच्या," गर्दीतून कोणी म्हणाले. वास घ्यायला जवळ मात्र कोणी आले नाही.

सौदामिनीने भावाला मागे सारले. तिचा आवाज एकदम उतरला. "एवढंच सांग. शेवटी काही बोलले का?"

साहेबरावच्या तोंडाशी आले होते. त्याने ते गिळले.

"न्हाई, बाईसाहेब."

"जा इथनं," ती म्हणाली.

तो गेला. वाटेत गुत्त्यावरच्या माणसाने त्याचा सदरा पाहून हसत हाक मारली, "साहेबराव, लई दिसांनी!" साहेबराव थांबला. हात कापत होते. ते खिशात घालून तो शाळेकडे चालू लागला.

वर्गात तिघे बसले होते. त्याने सांगितले. मग रस्त्यावरून रामनामाचा आवाज आला. बाहेर टँकरसाठी रांग होती. बायकांनी तिरडीला वाट द्यायला घागरी बाजूला ओढल्या, नंबर कोणी सोडला नाही.

खिडकीशी चौघे उभे राहिले. शिंपीकाम करणारा भीमाशंकर रडत दाराकडे निघाला. "खांदा तरी देऊन येतो. त्याच्यामुळंच मी—"

"अन् इचारलं, कोण तुमी, तर?" साहेबराव म्हणाला.

भीमाशंकर तिथेच थबकला. साहेबरावने दाराला आतून कडी घातली आणि आवाज लांब जाईपर्यंत दाराला पाठ लावून उभा राहिला.