खडू आणि खडी

आमच्या जेवणघराच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. अकरा वर्षं त्याच्यावर फक्त माझं अक्षर होतं. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

गाव आमचं लहान, डोंगरातलं. गावातून पाच रस्ते निघतात आणि पाचही लगेच चढायला लागतात, म्हणून सायकलवाले लांबलांबून येतात आणि आमच्याकडे उतरतात. वर सात खोल्या, खाली जेवणघर, जिन्याखाली सायकली टांगायची जागा. आमचे हे तिथे पंक्चर काढतात, चाकं सरळ करतात आणि उरलेल्या वेळात गप्पा मारतात. म्हणजे गप्पाच जास्त. फळ्याचं काम माझं. रोज सकाळी मी त्या दिवसाचा रस्ता लिहायची: किती किलोमीटर, सावली कुठे, नळ कुठे. 'पिवळ्या घराचा कुत्रा भुंकतो, चावत नाही. वखारीजवळचा भुंकत नाही.' लोक हसायचे, वाटेत बघायला म्हणून फळ्याचा फोटो काढायचे आणि निघायचे. रस्त्याचं काही विचारायचं तर ताईंना, असा आमच्या घरातला रिवाज होता.

मला हे सगळं ठाऊक असायचं कारण गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत मी वीज कचेरीत मीटर वाचायचं काम केलं. सकाळच्या बसने वरच्या शेवटच्या वस्तीपर्यंत जायचं आणि घरोघर आकडे टिपत पायी खाली यायचं, अशी बावीस वर्षं. सायकल मला येत नाही. पाहुण्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी भाऊजींचं लग्न झालं आणि माझी धाकटी जाऊ घरात आली. ती सायकल घेऊनच. पहिल्याच आठवड्यात पाचही रस्ते पालथे घातले तिने. मी तिला मनातल्या मनात 'स्वारी' म्हणायची. स्वारी उठली, स्वारी निघाली, स्वारी घामाघूम होऊन परत आली आणि माझ्या ओट्याला टेकून म्हणाली, "ताई, धरणाचा चढ सात टक्के आहे!" चढाला टक्के असतात हे मला नवीन होतं. मला वाटायचं, टक्के फक्त परीक्षेत मिळतात.

खरं सांगते, मुलगी वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं. उष्टी भांडी उचलायची, मला 'अहो ताई' म्हणायची, माझ्या गुडघ्यांना तेल आणून द्यायची. त्यामुळे तिच्या नावाने बोटं मोडायलाही मला काही मिळेना. तरी ती दारातून आत आली की माझ्या कपाळावर आठी चढायचीच.

मग ते दातांच्या डॉक्टरीणबाईंचं झालं. या बाई दरवर्षी आठ दिवस येतात. एकदा दुपारी त्या परतल्या त्या लालबुंद होऊन. खुर्चीत कोसळल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही वरच्या वस्तीचा रस्ता 'सोपा' लिहिलाय! चढताना जीव जायचा बाकी होता माझा."

मी तोंड उघडायच्या आत धाकटी हसत म्हणाली, "अहो, ताई तो रस्ता नेहमी वरून खाली आल्यात ना! बसने जायच्या आणि चालत उतरायच्या. त्यांना सोपाच वाटणार."

सगळी पंगत हसली. आमचे हेही हसले, तेही मांडीवर थाप मारून. तिने ते साधेपणाने म्हटलं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण अंगाचा तिळपापड झाला. बावीस वर्षांची माझी पायपीट एका वाक्यात उताराला लागली होती.

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर रंगीत खडू आले. धाकटीने चढाचं चित्र काढलं, टक्के लिहिले, बाण काढले. डॉक्टरीणबाईंनी तोंड भरून कौतुक केलं. हे म्हणाले, "बघ, किती सुटसुटीत!" आणि धाकटीने उजव्या कोपऱ्यात वीतभर जागा सोडून मला खडू दिला. "ताई, पाणी आणि कुत्रे तुम्हीच लिहा. ते तुमच्यासारखं कुणाला नाही येणार."

पाणी आणि कुत्रे! एवढंच खातं माझ्याकडे उरलं. मी मुकाट्याने लिहीत राहिले. पण पाहुणे आता रात्रीच्या जेवणात तिच्या शेजारची खुर्ची पकडायचे, सकाळी तिच्या मागे ओळीने निघायचे, आणि मी अंडी उकडत खिडकीतून बघायची. मला हेवा वाटायचा. तिच्या पायांचा, तिच्या वयाचा, तिला चढ कळायचा त्याचा. सगळ्यात जास्त, त्या फळ्याचा.

यंदा डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, तेव्हा एका शनिवारी खिंडीची फेरी ठरली होती. ही सगळ्यात लांब: आधी धरण, मग पुढच्या अंगाने खिंड चढायची आणि मागच्या अंगाने उतरायची. धाकटी आणि मागे अकरा पाहुणे. सकाळी साडेसहाला पाववाला मागच्या दाराशी आला. पावाचा ट्रे माझ्या हातात देत म्हणाला, "वहिनी, खिंडीच्या मागच्या उतारावर तिसऱ्या वळणात काल खडी टाकलीय. अजून डांबर नाही. माझी गाडीसुद्धा सरकली. तुमच्या सायकलवाल्यांना सांगा बरं."

मी हात पुसले आणि खडू घेऊन फळ्यापाशी गेले. माझा कोपरा नव्हता. खिंडीचा चढ मोठा, म्हणून त्याचं चित्र पार कडेपर्यंत गेलं होतं. निळं, हिरवं, शिखरावर लाल. माझे कुत्रे आणि माझं पाणी त्या डोंगराखाली गाडलं गेलं होतं.

पुसायला काही लागत नव्हतं, हाताने बोटभर पुसलं असतं तरी चाललं असतं. मी खडू परत खोबणीत ठेवला. तिच्याकडे टक्के मोजायचं यंत्र आहे ना, म्हटलं, दिसू दे त्याला खडी.

निघताना धाकटीने हेल्मेटचा पट्टा लावत विचारलं, "ताई, आज रस्त्याचं काही विशेष?"

"काही नाही," मी म्हणाले.

ते गेले. मी बशा विसळल्या, टेबलं पुसली, पुसलेली टेबलं परत पुसली. नऊ वाजले तेव्हा फडकं टाकलं. फोन करावा तर खिंडीत फोन लागत नाही. हेही फळ्यावर अकरा वर्षं मीच लिहीत आले होते. आमचे हे आणि भाऊजी टायर आणायला गाडी घेऊन गेलेले. मी पायात बूट घातले आणि वरच्या वस्तीची बस पकडली. ती खिंडीवरून जाते. वाटभर मी एकच म्हणत होते: मी पोहोचेपर्यंत ते चढतच असू देत.

खिंडीत उतरले तर पाण्याच्या नळाखाली ओल होती. सायकलवाले बाटल्या भरून पुढे गेलेले. मी उताराला लागले. आयुष्यभर उतरत आलेली बाई मी, पण त्या दिवशी गुडघे एका वळणालाच बोलायला लागले. तिसऱ्या वळणाच्या आधी माणसांचे आवाज आले.

अकरा सायकली कड्याला टेकवलेल्या. बारावी आडवी, पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं. धाकटी कठड्यावर बसली होती, उजवा हात डाव्या हाताने छातीशी धरून, ओठ पांढरे. डॉक्टरीणबाई तिचं कोपर धूत होत्या. ती सगळ्यांत पुढे होती म्हणून ती पडली, आणि ती पडली म्हणून बाकीचे थांबले. पाववाल्याची गाडी परतीच्या वाटेवर तिथेच उभी होती आणि तो सगळ्यांना सांगत होता, "अहो, मी सकाळी साडेसहालाच वहिनींना सांगितलं होतं की!"

मग सगळ्यांना मी दिसले.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं, परत माझ्या तोंडाकडे. मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हो. ताईंनी सांगितलं होतं मला. मीच फळ्यावर लिहायला विसरले."

"अगं, असं कसं विसरतेस?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "आणि या बिचाऱ्या एवढे गुडघे घेऊन धावत आल्या बघ!" कोणीतरी मला बसायला जागा दिली, कोणीतरी पाणी दिलं. मी ते प्यायले. एवढं सगळं होऊन मला काय वाटलं असेल? हेवाच. ती हे करू शकली, आणि तिच्या जागी मी असते तर केलं नसतं.

पाववाल्याने आम्हा दोघींना दवाखान्यात पोहोचवलं. मागे रिकाम्या ट्रेंच्या मधे बसून. गाडीभर पावाचा वास. डोळे मिटूनच ती म्हणाली, "मला सांगितलं नाहीत, ठीक आहे. माझ्यावर राग असेल. पण माझ्या मागे अकरा जण होते, ताई."

मला ते अकरा जण आठवलेच नव्हते. फळ्यासमोर उभी होते तेव्हा मला फक्त ती एकटी उतारावर दिसत होती.

"मग माझ्यावर का घातलं नाहीस?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी नाही केलं," ती म्हणाली. "उद्या सकाळी त्यांना पुन्हा फळाच वाचायचाय. घरातली माणसं फळ्याशी असं खेळतात हे कळलं, तर कशाच्या भरवशावर निघतील?" आणि तिने तोंड पलीकडे फिरवलं.

मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर, उजव्याच हाताला. संध्याकाळी जेवायला बसलो तर डॉक्टरीणबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "उद्यापासून फळा ताईंकडेच राहू दे बाई. आणि हात बरा झाला तरी आम्हाला न्यायला दुसरं कोणीतरी बघा. जिला खडी लक्षात राहत नाही, तिच्या मागे कोण उतरणार?" दोघातिघांनी माना डोलावल्या. आमचे हे म्हणाले, "मी म्हणतच होतो, अनुभव तो अनुभव." भाऊजींनी सूप वाढून घेतलं. धाकटी डाव्या हाताने सूप पीत होती. चमच्यातलं निम्मं सांडत होतं. तिने मान वर केली नाही.

जे मला दोन वर्षं हवं होतं ते सगळं एका जेवणात माझ्या पानात वाढलं गेलं. मी ताट तसंच बाजूला सारलं.

सकाळी मी सहालाच खाली आले. फळ्यावर अजून खिंडीचा डोंगर होता. ओल्या फडक्याने तो पुसला आणि पांढरा खडू घेतला. वर धरणाचा रस्ता लिहिला: किलोमीटर, नळ, कुत्रे. चढाचे टक्के मला येत नाहीत, म्हणून तिथे लिहिलं, 'धाकटीला विचारा.' मग खाली, सगळ्यात मोठ्या अक्षरात:

'खिंडीच्या मागच्या उतारावर तिसऱ्या वळणात खडी आहे. हे मला काल सकाळी साडेसहाला कळलं होतं. मी कोणालाच सांगितलं नाही. धाकटी काही विसरलेली नाही.'

शेवटची ओळ वाकडी आली. मी ती पुसून सरळ केली नाही.

जिन्यावर सायकलच्या बुटांची टकटक वाजली. सगळ्यांत आधी डॉक्टरीणबाई आल्या, डोळे अजून झोपेतच. "वा, ताईंचं अक्षर परत आलं!" म्हणाल्या, आणि न वाचताच, सवयीने, फोटो काढायला फोन वर धरला.

मी फळ्यासमोरून बाजूला झाले.