मोकळी टोकं

नणंदेने उशीचा अभ्रा उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि मांडीवरच्या रेडिओच्या कव्हराशेजारी अंथरला. पडदा लावायला स्टुलावर चढलेल्या सुनेचा हात दांडीवरच थांबला. सासू खुर्चीत बसून होती. भिंतीच्या नव्या रंगाकडे तोंड करून, जणू त्या कोऱ्या भिंतीवर काही उमटण्याची वाट पाहत.

घटकाभरापूर्वी हीच खोली हसत होती. रंगकाम संपलं होतं आणि तिघी मिळून ट्रंकेतलं भरतकाम पुन्हा आपापल्या जागी लावत होत्या. एकेक वस्तू बाहेर येई आणि आपल्यासोबत एकेक जुनी दुपार घेऊन येई. टेलिफोनचं झाकण निघालं. टेलिफोन कधीच गेला होता. फ्रिजच्या मुठीचा झगा निघाला. मग सासऱ्यांची टोपी. ‘या घरात आता फक्त माझं टक्कल उघडं आहे,’ असं ते एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले होते; तर सासूने आठवड्याभरात त्यांच्या डोक्यावर जांभळ्या फुलांची ही टोपी चढवली. ते ती घरात मुकुटासारखी मिरवत. नणंदेने टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली तेव्हा सासूने हात लांबवून ती चाचपली होती आणि म्हणाली होती, “मोठी झाली तुला. त्यांचं डोकं मोठं. आत काय होतं, ते देव जाणे.”

आता टोपी नणंदेच्या डोक्यावर तशीच होती, पण तिच्याखालचा चेहरा बदलला होता.

“आई, या वेलीचा पीळ उलटा कसा?”

देठाच्या टाक्याने भरलेली वेल वळलेल्या दोरीसारखी दिसते. रेडिओच्या जुन्या कव्हरावर हा पीळ एका अंगाला झुकला होता, अलीकडच्या अभ्र्यावर दुसऱ्या. कुणा परक्याला ते दिसलंही नसतं. पण या घरातली मुलगी अक्षरांआधी टाके वाचायला शिकली होती.

सून सावकाश खाली उतरली.

सासूच्या दृष्टीच्या मधोमध डाग पडला होता. कडा दिसत, मधलं नाहीसं होई; समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा नाही. आधी तिच्याकडून गॅस गेला, मग जिना, मग वर्तमानपत्र. उरली होती भरतकामाची रिंग. सकाळी ती खिडकीशी बसून बोटांच्या आठवणीवर टाके घाली, आणि टाके कापडावर छापलेल्या नक्षीची रेघ सोडून भलतीकडे भरकटत. दुपारी ती झोपली की सून ते उसवून पुन्हा भरी. संध्याकाळी सासू कापडावरून बोट फिरवत म्हणे, “बरं उतरलंय.” सून म्हणे, “हो.” या एका ‘हो’वर त्या म्हातारीचे दिवस तोलून धरले आहेत, अशी तिची समजूत होती.

सून डावखुरी. लग्नानंतर पहिल्यांदा सुई हातात घेतली तेव्हा नणंद खिदळली होती, “वहिनी, सुई धरलीस की उंदीर?” सासूने मात्र पाट ओढून तिला अगदी समोर बसवलं होतं. “शेजारी बसशील तर गोंधळशील. समोर बस. आरशात बघते आहेस असं समज.” त्या आरशातून तिच्या बोटांत सासूचा हात जसाच्या तसा उतरला, फक्त आरसा देतो तसा, उलटा.

“वहिनी, हे तुझं काम ना?”

“आईंचंच आहे, ताई.”

“मला शिकवू नकोस. मला माझ्या घरात आईच्या हातचं शेवटचं काहीतरी हवं होतं, म्हणून एवढ्या लांब आले. तुझंच न्यायचं होतं, तर टपालानं मागवलं असतं.”

सुनेने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. तिने नणंदेकडे पाहिलं नाही. ती खुर्चीकडे पाहत होती.

“आण इकडे,” सासू म्हणाली.

नणंदेने अभ्रा तिच्या हाती दिला. सासूने तो उलटा केला. सुलटी बाजू पाहुण्यांची, उलटी आपली, ही तिचीच शिकवण. तर्जनी वेलीच्या मुळापासून शेंड्यापर्यंत गेली, पानापाशी रेंगाळली, परत आली.

“माझंच आहे,” ती म्हणाली. “उजवा खांदा धरला होता. डाव्या हातानं भरलं.”

“डाव्या हातानं? या वयात?”

“रिकामाच होता बिचारा. जन्मभर नुसतं कापड धरून बसला.”

नणंदेचा चेहरा हळूहळू सैल झाला. तिने अभ्रा गालाशी नेला. “बाबा असते तर म्हणाले असते, आता पायांनाही शिकव.” मग जरा ओशाळून सुनेकडे वळली. “रागावू नकोस गं. आईच्या बाबतीत मी जरा येडीच आहे.”

“टोपी काढा आधी ताई. टोपी घालून माफी मागितलेली पोचत नाही.”

नणंद हसली, डोळे पुसले आणि अभ्रा बॅगेत ठेवायला आतल्या खोलीत गेली.

मागे त्या दोघीच राहिल्या. सासूचे हात मांडीवर पालथे पडले होते. खिडकीशी रिंग होती, सकाळी भरलेली. सुनेने ती सवयीने उचलली, सवयीने उलटी केली. टाके सैल होते, आणि दोऱ्याची दोन्ही टोकं मोकळी लोंबत होती. हल्ली रोजच अशी असत. मोकळं टोक म्हणजे उघडं दार, असं म्हणणारी बाई आता टोकं मागच्या टाक्यांत खोचायला विसरते, या विचाराने सुनेला किती दुपारी भरून आलं होतं.

तिने एक टोक चिमटीत धरून ओढलं. सकाळची सगळी वेल, कुठेही न अडखळता, कापडाला ओरखडाही न काढता, एका ओढीत सुटून तिच्या हातात आली. छापाची निळी रेघ खाली स्वच्छ उरली होती.

उसवायला कात्री लागली नव्हती; हल्ली कधीच लागत नव्हती.

“आई,” तिने विचारलं, “हल्ली तुम्ही टोकं का खोचत नाही?”

सासू खुर्चीचा हात धरून उठली. नव्या भिंतीवर बोटं टेकवत दारापर्यंत गेली. तिथे अर्धवट लावलेला पडदा हाताला लागला, तशी ती क्षणभर थांबली. त्याची दुमडलेली कड तिने अंगठ्याने सरळ केली, आणि आत निघून गेली.