ताटातल्या तांदळावरचं नाव

माझी बायको विनोदिनी गेल्याचं मला मंगळवारी दुपारी एसटीडी बूथवर कळलं. ती सकाळीच अभनपूरला भावाकडे गेली होती. फोनवर तोच होता, देवीदास. "भाऊजी, ताईला एकाएकी त्रास झाला, इथल्या दवाखान्यातच गेली."

रायपूर राजधानी झालं त्याच हिवाळ्यात आम्ही नागपूर सोडून इथं आलो होतो. तिला माहेरच्या मुलखात राहायचं होतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या दोन खोल्या तिच्याच नावावर घेतल्या. आता त्या माझ्या नावावर करायच्या तर तिच्या मृत्यूचा दाखला हवा.

महापालिकेतला बाबू शालिग्राम मूळचा गोंदियाचा. तो म्हणाला, "काका, बाई अभनपूरले गेल्या ना? मंग नोंद तिथंच. कायदा दिल्लीचा, नियम राज्याचे, रजिस्टर तिथल्या ऑफिसचं."

मला वाटलं, हा टाळतोय. राहणं रायपूरचं, रेशनकार्ड रायपूरचं, आणि नोंद दुसरीकडे? त्याच्या फॉर्मवर 'मध्यप्रदेश' छापलेलं होतं. ते पेनानं खोडून वर 'छत्तीसगड' लिहिलेलं.

"तुमचं राज्य तरी कोणतं?" मी विचारलं.

"राज्य नवं, कागद जुने. संपले का नवे छापतील, काका."

मी कलेक्टर ऑफिसात गेलो, मंत्रालयातही अर्ज दिला. सगळीकडे तेच उत्तर. सगळे एकमेकांना मिळालेले आहेत अशी माझी खात्री झाली. महिन्यानं अभनपूरच्या ऑफिसात गेलो, तर नोंद झालेली होती. देवीदासनंच केली होती. नाव होतं शर्मिष्ठा. तिचं माहेरचं नाव.

खोल्या विनोदिनीच्या. कागदावर मेली शर्मिष्ठा. मी सरळ देवीदासचं घर गाठलं.

"हे नाव काहून देलं? खोल्यांवर डोळा आहे का तुझा?"

तो म्हणाला, "भाऊजी, बाबूनं विचारलं, बहिणीचं नाव काय. जे तोंडात आलं ते सांगितलं. तुमी ठेवलेलं नाव आमच्या घरी कोणी घेतच नव्हतं."

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं मी 'विनोदिनी' लिहिलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

अभनपूरच्या ऑफिसातला बाबू म्हणाला, दोन्ही बाया एकच असल्याचं शपथपत्र द्या, नवरा आणि भाऊ दोघांच्या सहीचं. देवीदासनं त्याच दिवशी सही केली. मी कागद वाचून पाहतो म्हणून घरी आणला. चारदा वाचला. त्यात खोट सापडली नाही.

माझी सही अजून व्हायची आहे.